थंड हाताची बाई

माझा हात गरम आहे. ताप आल्यावर असतो तसा नव्हे. आमच्या वाडीत ज्या बाईच्या हातचं रोप जगत नाही, तिला गरम हाताची म्हणतात. लग्न होऊन सुंबिंग डोंगराच्या या उतारावर आले त्या वर्षी मी परसात पपई लावली, ती मेली. मग वांगी मेली. शेवटी गवती चहाचं बेट लावलं, तेही वाळून गेलं. गवती चहा मारायचा म्हणजे अंगात खास कसब लागतं, असं शेजारच्या पारियाहबाई, आमच्या बोलीत बू पारियाह, चारचौघींत बोलून गेल्या. तेव्हापासून माझ्यावर शिक्का बसला तो बसलाच.

आणि सासू कोण, तर वार्सियेम, सगळ्या वाडीची बू वार्सी. तिचा हात थंड. तिनं वाळकी काटकी खोचली तरी फुटते, अशी तिची ख्याती. मिरचीची लावणी आली की चौदा घरं तिला बोलवायची. प्रत्येक शेतातलं पहिलं रोप बिस्मिल्ला म्हणून तिनं लावायचं, मग बाकीच्यांनी कामाला हात घालायचा. चौदा घरांची रोपंही आमच्याच परसात तिच्याच हाताखाली वाढायची. बी ज्याचं त्यानं आणून द्यायचं. या कामाचं तिनं कधी कुणाकडून काही मागितलं नाही. लोक केळी आणायचे, अंडी आणायचे, ती दोनदा नको म्हणायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची.

बांबूच्या कमानींवर प्लास्टिक ताणून रोपवाटिका केलेली. आत केळीच्या पानांच्या द्रोणांत सहा हजार रोपं. मला तिच्या दारातसुद्धा मज्जाव होता. रोपं बाहेर निघायच्या दिवशी मी चुलीपाशी बसायचं आणि बायकांचा चहा दारातून पुढं सरकवायचा. धुणं, भांडी, चुलीवरच्या कढया घासणं, एवढं माझं राज्य. दिवसभर हात साबणात. बोटांची कातडी पावसात भिजलेल्या कागदासारखी झालेली असायची.

मागच्या वर्षी मिरची बिघडली. पानांवर फिकट हिरवे, गडद हिरवे चट्टे उठले, शेंडे आखडले, मिरच्या वाकड्या आणि खडबडीत निघाल्या. तेमांगगुंगच्या बाजारात व्यापारी एक मिरची उचलायचा, उलटीपालटी करायचा आणि पाटी पायानं बाजूला सारायचा. कुणी बियाण्याला शिव्या दिल्या, कुणी डोंगरावरच्या धुक्याला. बू पारियाहनं मात्र सरळ सांगितलं की लावणीच्या दिवशी मिनाह घागर घेऊन त्यांच्या बांधावरून गेली होती. मिनाह म्हणजे मीच. माझा नवरा सेमारांगला बांधकामावर असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, मग तू बांधावर जाऊच नको ना. त्याचा राग आजही माझ्या पोटात आहे.

यंदा सासूनं बी पेरलं आणि बियांची चटई झटकायला माझ्याकडे टाकली. चटईच्या विणीत बी अडकलं होतं. मी सुई घेऊन बसले आणि एकेक बी टोकरून काढलं. बेचाळीस निघालं. साबणपुडीच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यात माती भरली, न्हाणीच्या मागं भिंतीला लावून ठेवल्या आणि वर फुटकी टोपली उपडी घातली. कशाला केलं हे? हट्ट, दुसरं काय. मेलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण बेचाळीसच्या बेचाळीस उगवलं. रोज पहाटे धुण्याच्या निमित्तानं जाऊन बघायचे आणि कुणी बघत नाही ना, हेही बघायचे.

सासऱ्यांचं नाव साकिमान. तीन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. जेवताना भात मांडीवर सांडतो, तो सासू न बोलता उचलून ताटात टाकते. मागच्या वर्षापासून सिगारेटही त्यांना स्वतःला वळता येत नाही. आमच्याच उतारावरच्या तंबाखूचा एक पत्र्याचा डबा आहे. रोज सकाळी सासू रोपवाटिकेच्या दाराशी पाटावर बसायची आणि डबा मांडीवर घेऊन चार सिगारेटी वळायची. तंबाखूची चिमूट, लवंगेचा चुरा, कागद, कडेला जीभ. एक पेटवून त्यांच्या ओठांत द्यायची आणि तीन त्यांच्या खिशात घालायची. मग तशीच उठून आत जायची आणि रोपं चाचपायला लागायची. वाकलेलं सरळ कर, जोडीचं एक खुडून टाक, पिवळं पान नखानं उडव. एकेका रोपाला रोज तिचा हात लागायचा. त्या दोघांत चार शब्द बोलून होत नसत, पण सिगारेट कधी चुकली नाही. मला तंबाखूनं खोकला येतो, मी त्या डब्याच्या वाटेला जात नसे.

लावणी बुधवार-पोनला, म्हणजे आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला पोन आणि बुधवार जुळतात त्या शुभ दिवशी ठरली होती. त्याच्या आदल्या रविवारी जिल्ह्याच्या शेतीखात्यातून बू हाप्सारी आल्या. मागच्या वर्षीच्या मिरचीचं गाऱ्हाणं वाडीप्रमुख पाक तुगिमान यांनी घातलं होतं, त्याची दखल आत्ता घेतली गेली. बाई तरुण होती, डोक्याला निळा रुमाल, मोटारसायकलच्या मागं एक पेटी बांधलेली. तिनं पेटीतून बोटभर लांबीच्या दहा पातळ पट्ट्या काढल्या आणि काय करायचं ते सांगितलं. पानाचा तुकडा पिशवीत घालायचा, औषधाचं पाणी ओतून पेनाच्या बुडानं चिरडायचा आणि त्यात पट्टी बुडवायची. एक रेघ उमटली तर रोप निरोगी, दोन उमटल्या तर रोग.

सासू हसली. पोरीचा खेळ बघावा तशी पाटावर बसली. तिनं स्वतः चांगलं टवटवीत रोप दाखवलं, यातलं घे म्हणाली.

दोन रेघा आल्या.

दुसऱ्या कोपऱ्यातलं घेतलं, दोन. बू पारियाहच्या ओळीतलं घेतलं, पाक तुगिमानच्या ओळीतलं घेतलं, मधलं घेतलं, दारातलं घेतलं. सहा पट्ट्या ओळीनं फळीवर पडल्या होत्या आणि प्रत्येकीवर दोन दोन रेघा. मी चहाचं ताट घेऊन चुलीच्या दारात उभी होते, तिथून मला सगळं दिसत होतं.

"पानं तर हिरवीगार आहेत," सासू म्हणाली.

"आज आहेत, बू. रोग आत बसलाय. शेतात गेल्यावर महिनाभरात दिसेल, मागच्या वर्षी दिसला तसा."

मग हाप्सारी विचारत गेली. रोपांना कोण हात लावतं? सासू म्हणाली, मीच, दुसरं कुणी नाही. कात्री वापरता का? नाही, नखं. हात धुता का आत जाताना? त्यावर सासूचा चेहरा बदलला. साठीची बाई, तिला तिच्याच परसात कुणी असं विचारलं नव्हतं.

"पाच वेळा नमाज पढते मी. पाच वेळा वजू करते. माझे हात घाण आहेत म्हणतेस?"

"नाही, बू. साबणानं धुता का, एवढंच विचारते."

नमाजाआधी हातपाय धुवायची ती वजू, ती पाण्यानंच होते.  हाप्सारी खाली बघत म्हणाली की हा रोग नुसत्या पाण्यानं जात नाही. मग तिनं विचारलं, याच बियाण्याची रोपं दुसरीकडे कुठं आहेत का? म्हणजे दोष बियाण्यात आहे की नाही, ते कळेल. सासू म्हणाली, नाहीत.

मी चहाचं ताट खाली ठेवलं. गप्प बसले असते तर बसले असते. पण बोलून गेले.

"न्हाणीमागं आहेत. चटईत अडकलेलं बी होतं, तेच."

सासूनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. घरात सापडलेला चोर ओळखीचा निघावा, तसं बघितलं. हाप्सारी न्हाणीमागं गेली, टोपली उचलली आणि माझ्या साबणाच्या पिशव्या बघून तिला हसू आलं. तिनं तीन रोपांची तीन पानं घेतली. तिन्ही पट्ट्यांवर एकेकच रेघ आली. दुसरी उमटेल म्हणून आम्ही किती तरी वेळ वाकून बघत राहिलो, पण ती उमटली नाही.

आता एकच पट्टी उरली होती. हाप्सारी उठली, इकडेतिकडे बघायला लागली आणि तिची नजर पायरीवर बसलेल्या सासऱ्यांवर थांबली. त्यांच्या ओठांत सिगारेट होती. ती कोण वळून देतं, असं तिनं हळूच विचारलं. सासऱ्यांनी डबा छातीशी धरला आणि म्हणाले की हा तंबाखू आहे, मिरची नव्हे, इथं पोरीचं काय काम. तेव्हा सासू उठली, त्यांच्या हातातून डबा घेतला, झाकण काढलं आणि स्वतः एक चिमूट त्या पिशवीत टाकली.

पट्टीवर दोन रेघा आल्या, रोपांच्या रेघांपेक्षा गडद.

हाप्सारीनं मग समजावून सांगितलं. तंबाखू आणि मिरची एका कुळातली, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. पान वाळवलं, चिरलं, वर्षभर डब्यात ठेवलं तरी तो मरत नाही. बोटांवरून रोपावर जातो, एका रोपावरून शंभरांवर. हात साबणानं घासून धुवायचे, नाहीतर दुधात बुडवायचे. ही सगळी रोपं मुळांसकट उपटून जाळायला हवीत, शेतात एकही जाता कामा नये. तिला हे पाक तुगिमानना सांगावंच लागेल, पण ती मंगळवारी सांगेल. त्याआधी तुम्हीच सांगितलंत तर बरं, असं म्हणून ती पेटी बांधून निघून गेली.

खोटं कशाला बोलू, मला आतून उकळ्या फुटत होत्या. सहा वर्षं मी असल्या एका दिवसाची वाट बघितली होती. काय काय बोलायचं, ते भांडी घासताना पाठ करून ठेवलं होतं. पण जेवायला हाक मारायला गेले तर सासू रोपवाटिकेच्या दाराशी बसलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवलेले आणि त्यांच्याकडे बघतेय, कुणी विसरून गेलेली वस्तू बघावी तशी. पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं.

दुपार झाली. मग सासरेच बोलले. पट्टीचं काय ऐकतेस, म्हणाले. पानं हिरवी आहेत, बुधवारी लाव आणि मोकळी हो. नाहीच जमलं तर मिनाहनं हात लावला म्हण. लोकांना तेच खरं वाटेल.

मी तिथंच तांदूळ निवडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासूनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी सूप असं आपटलं की अर्धे तांदूळ जमिनीवर गेले.

सोमवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर बायका जमल्या. दर वर्षी जमतात, कुणाचं शेत आधी आणि कुणाचं नंतर ते ठरवायला. पाक तुगिमानही होते. मी कसावाच्या कंदाचे तळलेले काप दारातून पुढं केले आणि आत बसले. बू पारियाहनं आल्या आल्या विषय काढला. जिल्ह्याची बाई आली होती म्हणे, पट्ट्या लावल्या म्हणे, रोपांत दोष निघाला म्हणे. आणि कुंपणावरून बघितलं तर काय, न्हाणीमागं साबणाच्या पिशव्यांत मिरची. गरम हाताची बाई घरात चोरून बी पेरते, मग रोपवाटिकेत काय राहणार, असं त्या म्हणाल्या. अकरा-बारा तोंडं चुलीच्या दाराकडे वळली. पाक तुगिमान घसा साफ करून म्हणाले, बू वार्सी, तुमच्या सुनेचं एकदा काय ते बघायला हवं.

सासू चहा ओतत होती. एक पेला भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. मी धुराड्याच्या भिंतीला पाठ लावून बसले होते. आता ही हो म्हणणार आणि उद्या मला माहेरी धाडणार, एवढंच डोक्यात होतं. नवरा तरी कुठं माझ्या बाजूनं उभा राहणार होता.

सासूनं किटली खाली ठेवली.

"रोग माझ्या हातानं आलाय," ती म्हणाली. "यांच्या सिगारेटी वळायच्या आणि त्याच हातानं तुमची रोपं चाचपायची. मागच्या वर्षीची मिरची मीच बिघडवली. मिनाहची तेवढी रोपं चांगली आहेत."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. मग बू पारियाहनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

"सासू असावी तर अशी," त्या म्हणाल्या. "सुनेचं पाप अंगावर घेते बिचारी."

झालं. सगळ्यांनी माना हलवल्या. एकीनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. सासूनं पुन्हा सांगितलं, तंबाखूची पट्टी आणून दाखवली, हाप्सारीचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती जितकं सांगत गेली तितकी त्यांच्या डोळ्यांत मोठी होत गेली आणि मी चुलीपाशी तितकीच काळी होत गेले. मला हसावं की रडावं कळेना.

सासूनं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. मग उठली, रोपवाटिकेत शिरली आणि दारातलं पहिलं रोप मुळासकट उपटलं. मग दुसरं उपटलं. बायका धावल्या. पाक तुगिमान म्हणाले, बू, थांबा, हा चुकला तर पुढचा बुधवार-पोन पस्तीस दिवसांनी येणार, निदान आमच्या ओळी तरी राहू द्या. ती थांबली नाही. ही रोपं तिनं महिनाभर पोरासारखी वाढवली होती, आणि उपटताना ती प्रत्येकाचा द्रोण नीट बाजूला ठेवत होती, सवयीनं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही. बू पारियाहनं आपल्या दोन ओळी भराभर सारोंगच्या ओच्यात भरल्या आणि कुंपणाकडून निघून गेल्या. त्यांना कुणी अडवलं नाही.

मी दारात उभी होते. सासूनं मान वर केली.

"ये आत," ती म्हणाली. "तुझा हात गरम आहे ना? आज कामाचा आहे."

सहा वर्षांत पहिल्यांदा मी रोपवाटिकेत पाऊल टाकलं. आत दमट आणि उबदार होतं, मातीचा वास होता. आम्ही दोघी समोरासमोर वाकून उपटत गेलो. दिवस मावळताना मगरिबच्या अजानच्या सुमारास न्हाणीपलीकडे ढीग पेटवला. ओली रोपं जळत नव्हती, नुसती धुमसत होती, आणि सासरे पायरीवर बसून तो धूर बघत होते.

बुधवारी सकाळी सासू न्हाणीच्या दगडापाशी आली आणि माझ्यासमोर दोन्ही हात धरले. मी साबण लावला. तळवे, मनगटं, बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख काडीनं कोरलं. तिचे हात मी कधी धरले नव्हते. तळवे खरबरीत होते आणि थंडबिंड काही नव्हते, माझ्यासारखेच होते. अंगठ्याचा आणि तर्जनीचा पिवळा डाग किती घासला तरी गेला नाही. तीनदा धुतले.

मग आम्ही माझी बेचाळीस रोपं पाट्यांत घालून शेतात गेलो. बांधावर पाच-सहा जण बघायला उभे होते. सासू वाफ्याच्या कडेला थांबली, हात पाठीमागं बांधले आणि मला म्हणाली, बिस्मिल्ला म्हण आणि लाव. मी लावलं.  पहिलं रोप थोडं वाकडंच बसलं. ते सरळ करायला सासूचा हात पाठीमागून सुटला, अर्ध्यात आला आणि पुन्हा मागं गेला.

माझी बेचाळीस जगली, अजून एकाही पानावर चट्टा नाही. बू पारियाहची मिरची महिन्याभरात आखडली. त्या म्हणतात, त्या ओचा भरत होत्या तेव्हा मी त्यांच्या रोपांकडे टक लावून बघत होते. चौदांतल्या अकरा घरांनी पुन्हा बी आणून दिलं, तेही सासूच्याच हातात. रोपवाटिकेच्या दाराशी आता साबण आणि बादली असते आणि द्रोण मी भरते, पण लोक आले की विचारतात बू वार्सींनाच. मला अजून कुणी आपल्या शेतात बोलावलेलं नाही.

सकाळी सासरे पायरीवर डबा घेऊन बसतात. कागद मांडीवर ठेवतात, चिमूट घेतात, ती कागदावर पोचेपर्यंत निम्मी सांडते. गुंडाळायला गेले की कागद फाटतो. दुसरा घेतात. पायरीवर तंबाखू पसरलेला असतो आणि कोंबड्या त्यात चोच मारून पळतात. सासू रोपवाटिकेच्या दारात पाटावर बसलेली असते. धुतलेले हात तिनं अंगापासून जरा लांब धरलेले असतात आणि ती बघत असते.

काल त्यांनी डबा तिच्याकडे सरकवला. झाकण उघडं होतं, वर कागद ठेवलेला.  सासूनं डब्याकडे बघितलं.

"रोपं लहान आहेत अजून," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, झाकण लावायला गेले, आणि ते त्यांना दोनदा लागलं नाही.